पंखा फिरतो, तरी गाडी तापते: जुन्या कारच्या कूलिंग फॅनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी साधारण वीस वर्षं जुनी. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढे रेडिएटर, रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आणि मागच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन इलेक्ट्रिक पंखे. एक मुख्य, दुसरा एसीचा. दोघांचे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) वेगळे. मुख्य पंख्याचा रिले ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या ताब्यात होता: कूलंट ९७ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की पंखा चालू आणि ९२ पर्यंत उतरलं की बंद. एसी लावला की मात्र तापमान काहीही असो, दोन्ही पंखे एकदम सुरू व्हायला हवेत.

मालक गाडी जपून वापरणारे. त्यांची तक्रार अशी, की गाडी वाहत्या रस्त्यावर कितीही लांब न्या, तापमानाचा काटा मधेच राहतो. गर्दीत अडकली, की पाच-दहा मिनिटांत काटा वर चढायला लागतो. एसी लावून उभं राहिलं तर आधी एसीची हवा कोमट होते आणि मागोमाग काटा वर सरकतो.

एवढ्यावरून तपासाचं क्षेत्र बरंच आटोपशीर होतं. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वर समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, पंख्याची गरज पडत नाही. तेव्हा जी गाडी पळताना थंड आणि उभी असताना गरम, तिथे संशय आधी पंख्यावर घ्यायचा. उलट प्रकार असता, म्हणजे चढावर किंवा वेगात गरम आणि उभी असताना ठीक, तर रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंपाची पाती झिजलीत का, थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडतोय का, हे पाहावं लागलं असतं.

आमच्याकडे येण्याआधी

गाडी आधी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेली होती. तिथे प्रथम थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवं भरलं. फरक पडला नाही. मग रिले बदलला. तोही वाया गेला. शेवटी एके दिवशी मुख्य पंखा जागच्या जागी नुसता गुरगुरताना सापडला. मेकॅनिकने मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढला, मीटर लावला, १४ व्होल्ट आले. करंट येतोय आणि पंखा फिरत नाही, म्हणजे मोटर गेली, असा निष्कर्ष निघाला आणि नवी मोटर बसली.

नव्या मोटरने काही आठवडे काम केलं. त्यानंतर पुन्हा तेच.

हा टप्पा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मीटरने दाखवलेले १४ व्होल्ट खरेच होते, पण कपलर काढून मीटर लावला की त्या वायरमधून वाहणारा करंट जवळपास शून्य असतो, कारण डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो. अशा वेळी वाटेत कुठे गंजलेला जोड असला तरी त्याच्यावर व्होल्टेज पडतच नाही, म्हणजे वाया जात नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवील. मोटर जोडून आठ-दहा अँपिअर ओढायला लागली, की तोच जोड खरं रूप दाखवतो.

काढलेली जुनी मोटर मालकांनी डिकीत ठेवून दिली होती. आम्ही ती टेबलाला शिकंज्यात पकडून थेट बॅटरीवर लावली. ती पहिल्या झटक्यात फिरली, आवाज स्वच्छ, करंट नव्या मोटरएवढाच. मोटर निर्दोष होती, आणि मग आधी बदललेल्या इतर वस्तूंबद्दलही तीच शंका घेणं भाग होतं.

समोर असलेले पर्याय

मालकांनी येतानाच एक मागणी आणली होती. कोणीतरी सल्ला दिला होता, त्याप्रमाणे ते म्हणाले, "डॅशबोर्डवर एक बटण देऊन टाका. काटा वर गेला की मी हातानेच पंखा लावीन."

पंखा डायरेक्ट करण्याचा हा उपाय जुन्या गाड्यांत सर्रास दिसतो, आणि दूरच्या प्रवासात अडकलेल्या गाडीला घरापर्यंत आणायला तो चांगलाच आहे; रिले आणि फ्यूज घालून केला तर. पण कायमचा इलाज म्हणून मला तो नको होता. एक तर काट्यावर कायम नजर ठेवणं ड्रायव्हरवर येतं, आणि गाडी घरातलं दुसरं कोणी चालवत असेल तर त्याला हे माहीतही नसतं. दुसरं, डॅशबोर्डच्या साध्या बटणातून पंख्याचा पूर्ण करंट नेला तर बटणाचे पॉइंट जळतात, वायर तापते. आणि या गाडीच्या बाबतीत तिसरं, जे पुढे मोजमापात कळलं: बटणाने पंख्याची फक्त पॉझिटिव्ह बाजू बदलली असती, दोष होता तिथे काहीच पोचलं नसतं.

दुसरा पर्याय जास्त ताकदीचा पंखा बसवण्याचा होता. तो लगेच बाजूला ठेवला. मोठी मोटर जास्त करंट ओढते, आणि जोड खराब असेल तर जास्त करंटला जास्त व्होल्टेज गळतं. पुढचं सगळं वायरिंग नवं टाकायचं हाही एक मार्ग होता, पण तो न तपासता निवडायचा म्हणजे पुन्हा अंदाजानेच वस्तू बदलल्यासारखं.

राहिला चौथा पर्याय: पंखे चालू ठेवून, लोडवर (म्हणजे करंट वाहत असताना), प्रत्येक जोडावरचं व्होल्टेज मोजायचं. यात सुटा भाग लागत नाही, फक्त वेळ आणि थोडी काळजी लागते. हाच घेतला.

तपास होईपर्यंत गाडी वापरू द्यायची का, हाही निर्णय होता. अल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापून वाकलं की हेड गॅस्केट (हेडखालचं सील) उडते आणि काम पंख्याच्या कितीतरी पट मोठं होतं. तेव्हा त्यांना सांगितलं, गर्दीची वेळ टाळा. काटा पाऊण भागाच्या वर जायला लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. हीटरचा छोटा रेडिएटरही कूलंटमधली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे काही मिनिटं मिळतात.

पहिला धागा

मीटर हातात घेण्याआधी गाडी नुसती चालू करून ऐकली. इंजिन गरम झालं, मुख्य पंखा सुरू झाला. वेग थोडा कमी वाटला, पण फिरत होता. मग एसी लावला. दुसरा पंखा जोडीला आला, की एकूण आवाज वाढायला हवा. इथे उलटंच झालं. मुख्य पंख्याचा सूर खाली बसला, आणि दोन्ही पंखे मिळून एकट्या पंख्यापेक्षा मऊ आवाजात फिरू लागले.

दोन वेगळे रिले असलेले दोन पंखे एकमेकांचा वेग खातात, तेव्हा दोघांची कुठली तरी वाट सामाईक असते आणि ती अरुंद झालेली असते. मोटरच्या दोषाने असं होत नाही.

याच वेळी मालकांना विचारलं, गाडीत आणखी काही विजेची तक्रार? ते म्हणाले, डावा हेडलाइट कधीकधी मंद होतो, बल्ब दोनदा बदलला. रात्री एसी लावल्यावर होतो का, असं विचारल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, हो, तेव्हाच. हेडलाइट लावून पाहिला. पंखे सुरू होताच डावा दिवा पिवळट पडला, उजवा तसाच राहिला. दोन्ही पंखे आणि डावा हेडलाइट यांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अर्थिंग, बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वाट. तिघांच्या काळ्या वायरी बॅटरी-ट्रेखाली एकाच बोल्टला जात होत्या.

वरवरच्या काही गोष्टीही तेवढ्यात पाहून घेतल्या. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत कचरा फारसा नव्हता. पंख्याच्या दिशेची खात्री केली. नवी मोटर उलट्या पोलॅरिटीने जोडली गेली तर पंखा हवा पुढे ढकलतो आणि समोरच्या वाऱ्याशी भांडत बसतो. ग्रिलसमोर धरलेला कागद आत ओढला गेला, म्हणजे दिशा बरोबर. कूलंटची पातळी घटत नव्हती, टाकीत बुडबुडे नव्हते, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

लोडवरचं मोजमाप

एक सावधगिरी इथे सांगितलीच पाहिजे. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. त्यामुळे इंजिन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून आधी कपलरच्या मागून पिना खुपसल्या, त्यांना लांब वायरी लावल्या आणि त्या पात्यांपासून दूर बांधून घेतल्या. मगच निगेटिव्ह लावून गाडी सुरू केली. फिरत्या पंख्याजवळ मीटरचे प्रोब घेऊन वाकायचं नाही.

बॅटरीवर १४.१ व्होल्ट. एकटा मुख्य पंखा चालू असताना मोटरच्या दोन टोकांवर ११ व्होल्ट. मधले ३.१ गेले कुठे? बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.४ पडत होते, जुन्या गाडीला हे चालण्यासारखं आहे. मोटरच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत २.७. चांगल्या अर्थिंगवर पंख्याच्या लोडला हा आकडा ०.२ च्या आत हवा.

एसी लावला. बॅटरी १३.९, अर्थिंगच्या बाजूला ४.६, आणि मोटरला जेमतेम ८.८. रेडिएटरला हवेची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या वेळी पंख्याला सर्वांत कमी वीज मिळत होती.

मग ते ४.६ तुकड्यांत मोजले. काळ्या वायरीत ०.१. बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.३. उरलेले ४.२ व्होल्ट थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्टाशेजारचा उघडा पत्रा यांच्यामध्ये, म्हणजे नखाएवढ्या अंतरात. क्लॅम्प मीटरवर दोन्ही पंख्यांचा करंट १३.५ अँपिअर होता. ४.२ गुणिले १३.५ म्हणजे ५५ वॉटच्या वर उष्णता त्या एका बोल्टवर तयार होत होती, चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी. फ्यूज का उडत नव्हता, त्याचंही उत्तर यातच आहे. खराब जोडाने करंट वाढत नाही, घटतो. फ्यूजला त्याची खबर लागणं शक्यच नव्हतं.

मीटरऐवजी बरेच जण टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी लावलेला साधा बल्ब वापरतात, त्याबद्दल एक गोष्ट. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. या जोडावर त्याने अर्धा-पाऊण व्होल्टच पडला असता आणि बल्ब बऱ्यापैकी लख्ख पेटला असता. पंख्याची लाइन तपासायची तर पंखाच जोडलेला हवा, नाहीतर निदान हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब.

काय केलं

बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर बोल्टाभोवती पांढरी-हिरवी भुकटी होती आणि रंग तपकिरी पडून फुगला होता. जुन्या एखाद्या बॅटरीतून ॲसिड पाझरलं असावं. सध्याचं चार्जिंग व्होल्टेज ठीक होतं, म्हणजे बॅटरी जादा चार्ज होऊन ॲसिड पुन्हा पाझरण्याची भीती नव्हती. आधीची मोटर बदलल्यावर काही आठवडे गाडी का बरी होती, तेही इथे उलगडलं. पंख्यांची फ्रेम बाहेर काढताना ट्रे हलवावा लागतो, त्यात थिंबल थोडं फिरलं आणि तात्पुरता चांगला स्पर्श मिळाला.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ॲसिड मारलं, धुऊन कोरडं केलं. थिंबलं घासून पुन्हा लावायची की कापून टाकायची, हा छोटा पण खरा निर्णय होता. इन्सुलेशन सोलल्यावर तांबं आत बोटभर काळं पडलेलं निघालं. असं तांबं सोल्डर धरत नाही आणि क्रिंपही (थिंबल दाबून केलेला जोड) नीट बसत नाही. त्यामुळे लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापून, नवा तुकडा जोडून नवी थिंबलं क्रिंप केली. अर्थिंगची जागाही हलवली: बॅटरीपासून दूर, वरच्या कोरड्या पत्र्यावर, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. शिवाय तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला ६ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर टाकली. बोल्ट आवळल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी लावली तर ती धातूंच्या मध्ये येते.

पुन्हा मोजमाप. दोन्ही पंखे चालू, अर्थिंगच्या बाजूला ०.१ व्होल्ट, मोटरला १३.३. आवाजातला फरक बॉनेट बंद असतानाही कळत होता. डावा हेडलाइट स्थिर.

दुसरा दोष

इथे गाडी देऊन टाकता आली असती. पण एसी बंद ठेवून, पंखा आपणहून सुरू होतो का आणि केव्हा, हे पाहिल्याशिवाय पंख्याचं काम पूर्ण धरायचं नाही, असा आमचा नियम आहे. गाडी उभी करून ठेवली. काटा नेहमीच्या जागेपासून वर सरकला, पंखा गप्प. बऱ्याच उशिरा सुरू झाला.

या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा. ईसीयूतले आकडे वाचणारा स्कॅनर लावला. ईसीयूच्या मते कूलंट ८८ अंश. सेन्सरशेजारच्या धातूच्या आवरणावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ९८-९९. (चकचकीत अल्युमिनियमवर हा थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा.) ईसीयूला दहा अंशांची उष्णता दिसतच नव्हती.

सेन्सरचा कपलर काढला, आणि पंखा लगेच सुरू झाला. सेन्सर सापडत नाही असं दिसलं की बहुतेक ईसीयू सुरक्षेसाठी पंखा लावून टाकतात. त्यामुळे एका हालचालीत ईसीयू, रिले आणि त्यांच्यामधली वायर तिन्ही ठीक ठरले. राहिला सेन्सर किंवा त्याचा कपलर.

या प्रकारच्या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की घटतो: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ९० ला २४० च्या आसपास, १०० ला १९० च्या आसपास. आमच्या गरम सेन्सरवर मीटरने बरोबर त्याच पट्ट्यातला आकडा दिला. कपलरच्या आत मात्र एक पिन हिरवी पडली होती. तिथे साठ-सत्तर ओहम जास्तीचे मिसळत होते. थंड इंजिनवर अडीच हजारांत साठ म्हणजे काहीच नाही, म्हणून सकाळी गाडी व्यवस्थित सुरू व्हायची आणि ईसीयूत बिघाडाचा कोणताही कोड पडायचा नाही. गरम इंजिनवर तेच साठ ओहम दहा अंशांची थाप मारून जायचे.

मालकांचं म्हणणं पडलं, इतकं झालंच आहे तर सेन्सरही नवा टाका. आम्ही नको म्हटलं. सेन्सर थंड आणि गरम दोन्ही वेळी योग्य आकडा देत होता, आणि कंपनीने बसवलेला चालू सेन्सर काढून बाजारातला अनोळखी सेन्सर लावण्यात मला फायदा दिसत नाही. फक्त कपलर बदलला, दोन्ही वायरी वेगवेगळ्या अंतरावर क्रिंप करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं.

परिणाम

त्यानंतर स्कॅनर लावून गाडी उभ्यानेच चालवली. ९७ ला पंखा सुरू, ९२ ला बंद, लागोपाठ तीन वेळा. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. उभ्या गाडीत एसीची हवा गार राहिली, कारण कंडेन्सरलाही आता पुरेसा वारा मिळत होता. काही महिन्यांनी मालक दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा अर्थिंग पुन्हा लोडवर मोजलं, आकडा ०.१ वरच होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच, थर्मोस्टॅट बाहेर काढण्याआधी, पंखा चालू ठेवून मोटरच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला असता तर थर्मोस्टॅट, रिले आणि मोटर, तिन्हींचा खर्च टळला असता. या मापाला फार वेळ लागत नाही. आणि ज्याच्याकडे मीटर नाही, त्याला एसी लावून पंख्याचा आवाज ऐकता येतो.

हेडलाइटची तक्रार आधीच्या वर्कशॉपला ठाऊक होती की नव्हती, ते कळलं नाही. मालकांना ती वेगळी तक्रार वाटत होती, म्हणून त्यांनी आपणहून सांगितली नसेल. जुनी गाडी तपासायला घेताना "आणखी काय बिघडलंय?" हा प्रश्न म्हणूनच मी आता तापमानाच्या तक्रारीतही आधी विचारतो.

एका निर्णयावर आमच्यातच मतभेद राहिला. माझ्या सहकाऱ्याच्या मते मुख्य पंख्याची जुनी मोटर चांगली होती, तर तीच परत बसवून नवी राखीव ठेवायला हवी होती. मी नवीच राहू दिली, कारण फ्रेम पुन्हा उतरवायची म्हणजे जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मोडण्याची भीती. जुनी मोटर खूण करून मालकांना परत दिली; एसीच्या पंख्याची मोटर गेली तर ती त्या जागी बसते का, हे पाहायचं आहे.

पॉझिटिव्ह बाजूचे ०.४-०.५ व्होल्ट अजून तसेच आहेत. ते बहुतेक फ्यूजबॉक्समधल्या रिलेच्या सॉकेटवर पडत असावेत. प्लॅस्टिक वितळलेलं नाही, पिना घट्ट आहेत, म्हणून आता हात लावला नाही. आकडा गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहून ठेवलाय आणि पुढच्या सर्व्हिसला तो पुन्हा मोजायचा आहे.